गांवची गंगाजळी : रायफायझेन यांच्या पेढीचा जमाखर्च

वार्षिक सभेचे दिवस जवळ आले म्हणजे गांवोगांवच्या सोसायट्यांत एकच प्रश्न सर्वांच्या तोंडीं असतो, तो हा कीं, यंदा डिव्हिडंड किती? अहवाल वाचला जातो, ताळेबंदाचीं पानें चाळलीं जातात, थकबाकीदारांच्या नांवांवर थोडी कुजबूज होते; परंतु राखीव निधि या सदराखालीं जो आंकडा लिहिलेला असतो त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. मागें आमच्याच गांवच्या सभेंत एका तरुण सभासदानें मात्र त्या आंकड्यावर बोट ठेवून सरळ विचारलें कीं, हा पैसा आमच्याच व्याजांतून जमलेला आहे ना, मग तो आम्हांस वाटून कां देत नाहीं? आम्ही गेल्यावर तो कोणाच्या उपयोगीं पडणार? अध्यक्षांनीं कायद्याचें कलम वाचून दाखविलें आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. कलमानें तोंड बंद होतें, समाधान होत नाहीं. तो तरुण मनांतून रुष्ट होऊनच घरीं गेला, आणि खरें सांगावयाचें तर त्याचा प्रश्न गैर नव्हता. हाच प्रश्न दीडशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं जर्मनींत र्‍हाइन नदीच्या आसपासच्या खेड्यांत उपस्थित झाला होता, व त्याला त्या खेड्यांनीं जें उत्तर दिलें त्यावरच आपल्या सोसायट्यांची उभारणी झालेली आहे. म्हणून त्या खेड्यांतील पेढीच्या पैशाची हकीगत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन यांचा जन्म १८१८ सालीं झीग नदीकांठच्या हॅम या गांवीं झाला. तारुण्यांत ते प्रशियाच्या तोफखान्यांत नोकरीस होते. परंतु डोळ्यांच्या विकारामुळें ती नोकरी सोडणें भाग पडलें, आणि १८४५ सालीं ते वेस्टरवाल्ड या डोंगराळ भागांत वायरबुश येथें बुर्गरमास्टर झाले. हा अधिकार आपल्याकडील पाटील आणि मामलेदार यांच्या मधला समजावा. त्याच्या हाताखालीं बरींच खेडीं असत. मुलूख आपल्या मावळासारखा होता. डोंगरउताराची हलकी जमीन, वांटण्या होत होत झालेले लहान लहान तुकडे, रस्त्यांचा अभाव, आणि पीक हातीं आलें तरी तें बाजारीं नेण्याची पंचाईत. १८४६ च्या हंगामांत पीक बुडालें आणि बटाट्यावर तर रोग आधींपासूनच होता. हिवाळ्यांत उपासमार सुरू झाली. सरकारनें आपल्या कोठारांतून धान्य दिलें, पण अट घातली कीं तें रोखीनेंच विकावें. ज्याच्याजवळ रोकड होती तो उपाशी कशाला राहिला असता? रायफायझेन यांनीं ती अट बाजूस सारली. गांवांतील सुखवस्तु लोकांकडून पैसा उभा केला, धान्य उधारीनें दिलें, सार्वजनिक भट्टी बांधून तेथें पाव भाजविले आणि ते बाजारभावाहून बऱ्याच कमी दरानें वांटले. वसंत ऋतूंत पेरणीसाठीं बटाट्याचें बेणेंही देण्यांत आलें. हाच त्यांचा 'पावसंघ'. या संस्थेच्या वहींत जमेच्या बाजूस श्रीमंतांचा पैसा, खर्चाच्या बाजूस पीठ व सरपण, आणि येण्याच्या बाजूस गरिबांनीं लिहून दिलेले कागद, एवढींच तीन सदरें असणार. दुष्काळ सरला आणि संघाचें प्रयोजनही सरलें.

१८४८ सालीं त्यांची बदली जवळच्याच फ्लामर्सफेल्ड येथें झाली. तेथें दुष्काळ नव्हता, परंतु शेतकऱ्याच्या गोठ्यांत उभी असलेली गाय बहुधा त्याची नसे. गुरांचा व्यापारी ती उधारीनें देई, किंवा मालकी आपल्याकडे ठेवून नुसती पोसावयास देई. चारा शेतकऱ्याचा, मेहनत शेतकऱ्याची, आणि वासरूं व्यापाऱ्याचें. आपल्याकडे अर्धलीनें गुरें देण्याची चाल आहे तिचीच ही अधिक कठोर आवृत्ति होय. हप्ता चुकला कीं गाय जाई, आणि गायीपाठोपाठ जमिनीचा तुकडाही जाई. १८४९ च्या अखेरीस रायफायझेन यांनीं सुमारें साठ सुखवस्तु गृहस्थांस एकत्र आणून मदतसंघ काढला. या साठ जणांनीं आपापल्या सर्व मिळकतीसह जबाबदारी पत्करली. त्यांच्या सहीवर पैसा कर्जाऊ मिळूं लागला. संघ रोख पैसे देऊन गुरें विकत घेई व शेतकऱ्यांस पांच वर्षांच्या हप्त्यांनीं देई. पुढें गुरांची खरेदी करण्याची दगदग नकोशी होऊन संघ सरळ पैसेच देऊं लागला.

पावसंघांत श्रीमंतांनीं पैसा दिला होता. येथें त्यांनीं पैसा न देतां केवळ पत दिली. पहिल्या प्रकारांत जेवढें दान तेवढेंच काम. दुसऱ्या प्रकारांत साठ जणांच्या शेताभातांच्या आधारावर त्यांच्या थैलींतील रकमेहून कितीतरी मोठें काम उभें राहूं शकलें. रायफायझेन यांना हा भेद त्या वेळीं पुरता उमगला होता असें दिसत नाहीं. त्यांची दृष्टि धर्मबुद्धीची होती. ज्याच्यापाशीं आहे त्यानें नसणाऱ्यास द्यावें, एवढाच त्यांचा हिशेब.

१८५२ सालीं ते र्‍हाइनकांठच्या नॉयवीड शहरालगत असलेल्या हेडेसडॉर्फ येथें आले व १८५४ सालीं तेथें एक कल्याणसंघ स्थापन केला. या संघानें अनाथ व उनाड मुलांचें संगोपन, तुरुंगांतून सुटलेल्यांस काम मिळवून देणें, लोकांसाठीं ग्रंथालय, गुरांची खरेदी आणि कर्जपुरवठा, इतकीं कामें एकदम अंगावर घेतलीं. आमच्याकडील उत्साही मंडळींनीं काढलेल्या संस्थांची घटना ज्यांनीं वाचली असेल त्यांस ही यादी ओळखीची वाटेल. परिणामही ओळखीचाच झाला. एकेक काम गळत गेलें आणि शेवटीं कर्जपुरवठा तेवढा उरला, कारण त्या एकाच कामांत दिलेला पैसा परत येत होता.

परंतु तेथेंही अडचण उभी राहिली. जबाबदारी सुखवस्तु सभासदांची आणि लाभ दुसऱ्यांचा, अशी ती व्यवस्था होती. पहिल्या दोन-चार वर्षांत परोपकाराचा उत्साह असतो. पुढें सभासद मरतो, त्याचा मुलगा विचारतो कीं, शेजारच्या आळींतील अनोळखी माणसाच्या कर्जासाठीं माझी जमीन गुंतवून कां ठेवूं? त्याला दोष देतां येत नाहीं. कर्ज घेणाऱ्याचीही वृत्ति अशी होते कीं, पैसा श्रीमंतांचा आहे, बुडाला तर बुडाला. दहा वर्षांत संघ खंगत गेला. त्याच सुमारास शहरांतील कारागीर व दुकानदार यांच्यासाठीं पतपेढ्या काढणारे शुल्त्से-डेलिच यांच्याशीं रायफायझेन यांचा विचारविनिमय झाला, आणि मनाला न पटणारी एक गोष्ट त्यांनीं अखेर मान्य केली. ती ही कीं, केवळ परोपकारावर संस्था टिकत नाहीं. ज्याला कर्ज हवें त्यानें स्वतः सभासद झालें पाहिजे आणि इतरांच्या कर्जाची जबाबदारीही उचलली पाहिजे. १८६४ सालीं जुना संघ मोडून हेडेसडॉर्फची कर्जपेढी स्थापन झाली. आनहाउझेन येथें याच धर्तीची पेढी तिच्याही आधीं, १८६२ सालीं, निघाली होती.

आतां या पेढीचा जमाखर्च पाहूं. भाग नाहींत, म्हणजे भांडवल नाहीं. प्रवेश फी नाहीं. एका चर्चच्या हद्दीपुरतें कार्यक्षेत्र, कीं ज्यांत प्रत्येकास प्रत्येकाची नांगरट, व्यसन आणि सोयरीक ठाऊक असावी. सर्व सभासदांची जबाबदारी अमर्यादित, आणि याच जबाबदारीच्या जोरावर गांवांतील शिल्लक ठेवीच्या रूपानें आंत येई. पंच व देखरेख-मंडळ विनावेतन काम करीत. मोबदला फक्त हिशेबनिसास, आणि तोही अशा अटीवर कीं कर्ज मंजूर करण्यांत त्याचें मत नाहीं. ज्याच्या हातीं किल्ली त्याच्या हातीं मंजुरी नसावी, हा साधा नियम किती संस्था पाळतात हें वाचकांनींच आठवून पाहावें. कर्ज कशासाठीं हवें हें विचारूनच दिलें जाई, जामीन घेतले जात, आणि मुदत कामाच्या मानानें लांब, कधीं दहा वर्षांपर्यंतही, असे. गाय एका वर्षांत आपली किंमत फेडीत नाहीं हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

ठेवीचा व्याजदर आणि कर्जाचा व्याजदर यांमधील अल्प अंतर हीच पेढीची कमाई. खर्च जाऊन जें उरे तें कोणासही वांटावयाचें नाहीं. तें सर्व गंगाजळींत जावयाचें. ही गंगाजळी सभासदांची नव्हे, पेढीची. सभासद सोडून गेला तरी त्याला तींतून कवडी मिळावयाची नाहीं. ती पुरेशी वाढल्यावर तिच्या उत्पन्नांतून गांवाच्या हिताचीं कामें करावीं, आणि पेढी मोडलीच तरी ती वांटून न घेतां त्याच भागांत पुन्हां तशी पेढी निघेपर्यंत अनामत ठेवावी, असा नियम. शेवटच्या अटींतील धोरण फार दूरदर्शी आहे. गंगाजळी फुगल्यावर पेढी मोडून ती वांटून घेण्याचा मोह एखाद्या पिढीस होणें स्वाभाविक आहे. मोडून कांहींच हातीं लागत नाहीं असें ठरविल्यावर तो मोहच राहत नाहीं.

गंगाजळी न वांटल्यानें काय होतें हें नुसत्या तर्कानें कळणार नाहीं, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एका खेड्याच्या पेढींत १०,००० रुपयांच्या ठेवी आहेत. त्यांवर शेंकडा ४ व्याज द्यावयाचें आणि शेंकडा ५ नें कर्ज द्यावयाचें. वर्षाचें अंतर १०० रुपये. हिशेबनिसाचा मोबदला, वह्या व किरकोळ खर्च मिळून ६० रुपये गेले, शिल्लक ४०. शंभर सभासदांत वांटल्यास प्रत्येकाच्या वांट्यास ४० पैसे येतील, त्यांत चहाही मिळावयाचा नाहीं. तेच न वांटतां कर्जांत शेंकडा ५ नेंच फिरविले तर पांच वर्षांनीं गंगाजळी सुमारें २२१ रुपये, दहा वर्षांनीं ५०३ आणि एकोणीस वर्षांनीं १,२२१ रुपये होते. त्या वर्षीं गंगाजळीचें नुसतें व्याजच ६१ रुपये येतें, म्हणजे पेढीचा सारा खर्च परस्पर भागतो. तीस वर्षांनीं ती २,६५७ रुपये होते व तिचें व्याज १३३ रुपये येतें. त्या वेळीं ठेवीच्याच दरानें, म्हणजे शेंकडा ४ नें, सभासदांस कर्ज दिलें तरी पेढी तोट्यांत जात नाहीं. बापानें सोडलेले ४० पैसे मुलाला स्वस्त व्याजाच्या रूपानें मिळाले. आणि तेही मुलगा शेती करीत असेल व कर्ज घेत असेल तरच. आमच्या गांवच्या तरुण सभासदाच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पांचव्या वर्षीं ४०० रुपयांचें एक कर्ज बुडालें तर गंगाजळींतील २२१ रुपये पुरत नाहींत. १७९ रुपये सभासदांच्या खिशांतून जातात. तेंच दहाव्या वर्षीं बुडालें तर कोणाच्या घरास झळ लागत नाहीं. म्हणून पेढीचीं पहिलीं वर्षें सर्वांत धोक्याचीं, आणि त्याच वर्षांत अमर्यादित जबाबदारीची भीति सर्वांत उपयोगी पडते. शेजाऱ्याचें कर्ज बुडालें तर आपला बैल जाईल, ही जाणीव असलेला माणूस शेजाऱ्यास लग्नासाठीं कर्ज देण्यास सहसा अनुकूल होत नाहीं.

मात्र हा सर्व हिशेब येणें खरें असेल तरच खरा. आमच्या माहितींतील एका सोसायटींत (नांव सांगण्याचें कारण नाहीं) कित्येक वर्षें मार्चअखेर वसुली शेंकडा नव्वदांवर दाखविली जाई. पुढें कळलें कीं तें निव्वळ नवें-जुनें होतें, म्हणजे सकाळीं कर्ज भरल्याचें लिहावयाचें आणि सायंकाळीं तेंच नव्या तारखेनें पुन्हां द्यावयाचें. तेथेंही गंगाजळी कागदावर होतीच. आम्हीही त्या वेळीं सभेस हजर राहून अहवालास मान डोलाविली होती, हें कबूल केलें पाहिजे.

शुल्त्से यांना रायफायझेन यांची पद्धति पसंत नव्हती. मागणी होतांच परत द्यावयाच्या ठेवी दहा-दहा वर्षांसाठीं गुंतविणें धोक्याचें आहे, सभासदांनीं भाग घेऊन स्वतःचें भांडवल उभें केलें पाहिजे व त्यावर नफा मिळाला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. शहरांतील दुकानदारास तें लागू होतें. त्याचें भांडवल वर्षांत अनेक वेळां फिरतें. शेतकऱ्याचा पैसा वर्षांतून एकदांच फिरतो. तथापि आक्षेपांत तथ्य होतें, हें मान्य करणें भाग आहे: एकाच खेड्यांतील सर्वांना पैसा एकाच महिन्यांत लागतो आणि एकाच महिन्यांत येतो. त्यावर उपाय म्हणून एका गांवची शिल्लक दुसऱ्या गांवास देणारी मध्यवर्ती पेढी हवी, हें रायफायझेन यांनीं ओळखलें आणि १८७२ सालीं नॉयवीड येथें तशी पेढी काढली. पण संस्थांनीं संस्थेचें सभासद होणें कायद्यांत बसत नाहीं असा आक्षेप निघून ती मोडावी लागली, व १८७६ सालीं संयुक्त भांडवलाच्या कंपनीच्या रूपानें मध्यवर्ती पेढी पुन्हां उभारण्यांत आली. पुढें कायद्यानें सहकारी संस्थांस भाग आवश्यक ठरविले, तेव्हां या पेढ्यांनीं भागाची रक्कम अगदीं नाममात्र ठेवून नफा वांटण्याचा मार्ग शक्य तितका अरुंद केला.

खुद्द रायफायझेन यांच्या घरचा जमाखर्च मात्र ओढगस्तीचाच राहिला. प्रकृति बिघडल्यामुळें १८६५ सालीं त्यांनीं नोकरी सोडली. निवृत्तिवेतन तुटपुंजें होतें, म्हणून त्यांनीं आधीं विड्यांचा लहानसा कारखाना काढला व नंतर द्राक्षमद्याचा व्यापार केला. दृष्टि इतकी अधू झाली कीं लेखन व पत्रव्यवहार कन्या अमालिया हिच्या हातून करून घ्यावा लागे. १८६६ सालीं कर्जपेढ्यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि तो वाचून दूरदूरच्या गांवीं पेढ्या निघूं लागल्या. १८८८ च्या मार्चमध्यें ते निवर्तले तेव्हां त्यांच्या संघांत चारशेंहून अधिक पेढ्या होत्या.

त्याच काळांत आपल्या दख्खनची स्थिति काय होती? १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून खतें व वह्या जाळल्या, आणि त्याचें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस संरक्षण देणारा कायदा झाला. कायद्यानें सावकाराचा हात आखडला, परंतु पेरणीच्या वेळीं पैसा कोठून आणावा हें कायदा सांगूं शकला नाहीं. सर विल्यम वेडरबर्न यांनीं पुरंदर तालुक्यासाठीं शेतकी बँकेची योजना मांडली होती. हिंदुस्थान सरकारची तिला अनुकूलता असतांही ती विलायतेंत नामंजूर झाली. पुढें मद्रास सरकारनें फ्रेडरिक निकल्सन यांस युरोपांतील शेतकी बँकांच्या अभ्यासास नेमलें. १८९५ ते १८९७ या काळांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानें रायफायझेन पद्धतीची भलावण केली, आणि १९०४ चा कायदा याच विचारावर बेतला गेला. ग्रामीण संस्थेस सामान्यतः अमर्यादित जबाबदारी व नफा राखीव निधींत, हीं दोन्ही कलमें हेडेसडॉर्फहून आलेलीं आहेत. मुंबई इलाख्यांत या कायद्याखालीं पहिली शेतकी सोसायटी १९०५ सालीं धारवाड जिल्ह्यांतील कणगिनहाळ येथें निघाली. तें गांव आतां कर्नाटकांत आहे.

कलमें आलीं, पण तीं रुजलीं किती? १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणींत असें आढळलें कीं, देशांतील शेतकऱ्यांच्या एकंदर कर्जापैकीं सहकारी संस्थांनीं पुरविलेला वांटा शेंकडा तीनच्या आसपास होता. त्यावर उपाय म्हणून सरकारनें संस्थांचे भाग घ्यावे, संस्था मोठ्या कराव्या, असें धोरण स्वीकारण्यांत आलें. पैसा आला, कर्जपुरवठा पुष्कळ वाढला, हें निर्विवाद आहे. परंतु फ्लामर्सफेल्डच्या साठ श्रीमंतांच्या जागीं सरकार आलें, आणि पैसा दुसऱ्याचा आहे ही जुनी भावनाही त्याबरोबर आली. २००४ सालीं नेमलेल्या वैद्यनाथन समितीस याच सोसायट्यांचे सांचलेले तोटे भरून काढण्याची योजना सुचवावी लागली.

गंगाजळी अक्षय असते असें मात्र कोणी समजूं नये. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींत चलनाची किंमत घसरत गेली व १९२३ च्या नोव्हेंबरांत एक लाख कोटि कागदी मार्कांस एक नवा मार्क असा दर ठरला. दोन-तीन पिढ्यांनीं न वांटतां जपलेला निधि, विधवांच्या ठेवी, मुलींच्या लग्नासाठीं बाजूस काढलेली रक्कम, सर्व शून्य झालें. कर्जदारांचीं कर्जें तेवढीं अल्पमोलांत फिटलीं. ज्यांनीं काटकसर केली ते बुडाले आणि ज्यांनीं उधळलें ते तरले, असें त्या वेळीं पुष्कळांस वाटलें असेल. तरी नव्या चलनांत खेड्यांतील पेढ्यांनीं पुन्हां वह्या उघडल्या. जमेस कांहीं नव्हतें. एकमेकांच्या कर्जाची हमी आणि एकमेकांची ओळख तेवढी होती. १८६४ सालीं हेडेसडॉर्फच्या पेढीपाशीं याहून अधिक कांहीं नव्हतें.

आमच्या गांवच्या त्या तरुण सभासदास आम्हीं वरील ४० पैशांचा हिशेब करून दाखविला. त्यानें तो दोनदां तपासला आणि आपल्या सोसायटीचे गेल्या वीस वर्षांचे ताळेबंद मागितले. त्यांपैकीं अकरा सांपडले. उरलेले शोधण्याचें काम चालूं आहे. ज्या वाचकांपाशीं आपल्या गांवच्या सोसायटीचे जुने अहवाल असतील त्यांनीं ठेवी, कर्ज, थकबाकी व राखीव निधि हे चार आंकडे वर्षवार उतरून या मासिकाकडे पाठविण्याची कृपा करावी. मिळतील तसे ते पुढील अंकांत सोसायटीचें नांव न देतां छापण्यांत येतील.